रवंथ थांबला की

भूत पडद्यावर आलं आणि सगळा वर्ग खो खो हसला.

हसण्यासारखंच होतं ते. भूत म्हणजे सायली. अंगावर आईची पांढरी साडी, तोंडाला डबाभर पावडर, डोळ्यांभोवती काजळ फासलेलं. अर्धवट बांधलेल्या जिन्यावरून हात पुढं करून ती खाली उतरते, एवढाच प्रसंग. पण शेवटच्या पायरीवर पडलेल्या सिमेंटच्या गोणीत पाय अडकू नये म्हणून भुतानं हळूच निऱ्या उचलल्या होत्या. शूटिंगच्या दिवशी हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर मात्र निऱ्यांशिवाय दुसरं काही दिसेना. मागच्या बाकावरून कोणीतरी "वहिनी, जपून!" म्हणून ओरडलं आणि मग कोणी कोणाला आवरेना. सायली स्वतःच पोट धरून हसत होती.

न हसणारे दोघंच होते. एक इंद्रजीत, कारण सिनेमा त्याचा. दुसरी सुकेशनी, कारण सिनेमाचा आवाज तिचा होता आणि त्या हशात तो कोणाला ऐकूसुद्धा गेला नव्हता.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या एप्रिलमधली. औरंगाबादच्या एका कॉलेजात सिनेमा शिकवणारा छोटासा विभाग होता, त्यात ही मंडळी शेवटच्या वर्षाला होती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही आणि रस्त्यानं दिवसभर टँकरची रांग. म्हणून शहर वाढायचं काही थांबलं नव्हतं. प्यायला पाणी नसलं तरी जालना रोडला नव्या नव्या स्कीमच्या कमानी उभ्या राहतच होत्या.

असल्याच एका स्कीममध्ये सिनेमा घडत होता. करमाडच्या अलीकडं, इंद्रजीतच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, बिल्डरला दिलेल्या जमिनीवर चाळीस रो-हाउस जवळजवळ बांधून तयार होती आणि पाण्याअभावी एकातही माणूस राहायला आलेला नव्हता. सिनेमातही तेच. वर्गातलाच रामहरी वॉचमन झालेला. तो गेटपाशी खुर्ची टाकून रिकाम्या घरांची राखण करतो आणि शेवटच्या तीन मिनिटांत त्याला कळतं की आपण इथं एकटे नाही. प्रसंग रात्रीचा, पण शूट केलेला संध्याकाळी सहाला आणि मग कॉम्प्युटरवर निळा केलेला.

दिवे लागल्यावर तौर सर उठले. सिनेमा शिकवणारे विभागात ते एकटेच.

"भूत काढून टाका," ते म्हणाले.

"सर, मग राहतं काय?" इंद्रजीतचा चेहरा उतरला. "नुसता रामहरी?"

"रामहरी बरा आहे. तीन मिनिटं तो अंधाराकडं बघतो, तेवढं ठेवा. भूत दिसलं की लोक मेकअप बघतात. दिसलं नाही तर ऐकतात." मग त्यांनी सुकेशनीकडं पाहिलं. "पुढच्या सोमवारी दुपारी बाराला बाहेरचे परीक्षक येतील. परत शूटिंगला वेळ नाही. आता सगळं तुझ्यावर आहे."

आवाजाचं काम सुकेशनीकडं आलं होतं ते काही मान म्हणून नव्हे. कॅमेरा सगळ्यांना हवा होता, आवाज कोणालाच नको होता. माइक बांधायची लांब काठी तिच्या हातात देताना इंद्रजीत म्हणाला होता, "तुला काठी धरायची सवय आहे." तिचा बाप मेंढरं राखतो हे वर्गाला ठाऊक होतं. तिला राग आला नाही, सवय होतीच. पण कानाला हेडफोन लावून पहिल्यांदा ती काठी तिनं समोर धरली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की लहानपणापासून आपण हेच करत आलोय. माळावर बसून कान देणं. फक्त त्याला आजवर कोणी मार्क दिले नव्हते.

वर्गाबाहेर आल्या आल्या इंद्रजीतनं तिला गाठलं.

"टेन्शन नको घेऊ यार. नेटवर हॉररचा पॅक मिळतो. किंचाळ्या, करकरणारी दारं, व्हायोलिन, सगळं. एका संध्याकाळचं काम आहे."

"आणि पाटीवर आवाज म्हणून नाव माझं?"

"मग कोणाचं?"

"दुसऱ्याच्या किंचाळीवर माझं नाव नको," सुकेशनी म्हणाली. "मला वेळ दे. मी करते."

"शनिवार संध्याकाळपर्यंत. त्याच्या पुढं एक मिनिट नाही. नाहीतर पॅक बसवणार आणि तुझं नाव काढणार. मला नापास व्हायचं नाहीये."

तो रागात बोलला, पण धमकी काही पोकळ नव्हती. तीन वर्षांत पडद्यावर सुकेशनीचं नाव पहिल्यांदा यायचं होतं. हा सिनेमा दाखवूनच ती पुढं कुठं कामाला जाणार होती. ते नाव असं पुसलं जाऊ द्यायचं नाही, हे तिनं तिथंच, कॉलेजच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या ठरवलं.

आणि तिच्याकडं नुसता हट्ट नव्हता. भीती ऐकू कशी येते, हे तिला माहीत होतं.

केरबाची, म्हणजे तिच्या वडिलांची, दुपारची झोप सबंध करमाडात प्रसिद्ध होती. तो घोंगडी टाकून आडवा झाला की शेजारून ट्रक जावो, जेसीबी दगड फोडो, लग्नाची वरात बँड वाजवत जावो, गडी कूस बदलायचा नाही. भोवती ऐंशी मेंढरं बसून रवंथ करत असायची आणि त्या कचर-कचर आवाजावर तो खुशाल घोरायचा. पण तोच आवाज थांबला, की ताडकन उठून उभा. डोळे उघडायच्या आधी हात काठीवर. लहानपणी सुकेशनीनं हे दोनदा पाहिलं होतं. एकदा लांडगा होता, एकदा मोकाट कुत्री. दोन्ही वेळा जनावर दिसायच्या आधी बाप उभा होता. "रवंथ थांबला की समजायचं," तो म्हणायचा, "कायतरी आलंय."

करमाडच्या बसमधून तिनं इंद्रजीतला फोन लावला. सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात केरबाची मेंढरं स्कीमच्या भिंतीकडेनं जाताना दिसत होती. शोभा म्हणून इंद्रजीतनंच ती टिपली होती. "ती मेंढरं भिंतीपलीकडं बसलीयेत असं धर," ती म्हणाली. "सगळा सिनेमाभर मागं त्यांचा रवंथ चालू. रामहरीला तेवढीच सोबत. आणि शेवटी तो थांबतो."

"मेंढरं चघळतात, यात घाबरायचं काय?"

"चघळतात तोवर काहीच नाही."

मंगळवारी दुपारी ती माइक घेऊन माळावर गेली. पूर्वी मेंढरं मोठ्या लिंबाखाली बसत. रस्ता रुंद झाला तेव्हा लिंब गेला. आता ती स्कीमच्या उंच पाण्याच्या टाकीखाली बसत. त्या टाकीत बांधल्यापासून पाण्याचा थेंब पडला नव्हता, पण सावली झकास पडायची. सावली सरकेल तशी मेंढरं सरकायची आणि मेंढरांबरोबर केरबाची घोंगडी.

वाऱ्याचा घूं घूं आवाज येऊ नये म्हणून माइकवर एक केसाळ टोपडं चढवतात. करड्या रंगाचं, लांब केसांचं. सुकेशनीनं ते नीट चढवलं, काठी लांब केली आणि आपण दुरूनच, कोणाला त्रास न देता, अगदी शहाण्यासारखं काम करतोय अशा समजुतीत माइक जमिनीलगत मेंढरांकडं सरकवला.

आता मेंढरांना काय दिसलं? करड्या केसांचं काहीतरी, दबकत, गवताच्या उंचीनं आपल्याकडं येतंय. ऐंशी तोंडं थांबली, ऐंशी मेंढरं उठली आणि एकमेकांच्या अंगावर चढत भिंतीवर जाऊन आदळली. केरबा तोवर उभा होता, काठी उगारून. आणि कहर म्हणजे सुकेशनीनं रेकॉर्डरचं बटण अजून दाबलंच नव्हतं.

"काठीला कोल्हं बांधून आनलंस व्हय गं?" मेंढरं चुचकारून परत बसवल्यावर केरबा तिच्याकडं वळला. "मेंढपाळाची पोर ना तू? त्यात नऊ गाभन हायेत. आधीच चारा नाय, अंगात जीव नाय. अशी बुजली त गाभ टाकत्यात."

"आबा, चुकलं. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"येत्या मंगळवारी मी धरनाकडं निघनार. पानी हटलंय, गाळावर गवत आलंय म्हनत्यात. तवर माझी मेंढरं कोनी बुजाडायची नाय. तू बी नाय."

"नाही बुजाडणार. शपथ."

सुकेशनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहरात पोरं तिला मेंढरंवाली म्हणायची आणि इथं मेंढरांनी तिला कोल्हा ठरवलं होतं. आणि शपथ तर घेऊन बसली होती. न घाबरवता मेंढरांचं घाबरणं आणायचं कुठून?

इंद्रजीतकडं उपाय तयारच होता. "आमच्या शेतावर कुत्रा आहे. एकदाच सोडू. दहा सेकंदांचं काम."

"नाही."

"अगं, एकदाच."

"नऊ गाभण आहेत. कुत्रा आणलास तर मी त्याच्या आधी तुला चावेन."

"मग पॅक," इंद्रजीत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

केसाळ टोपड्याचा प्रश्न आक्काबाईनं, तिच्या आईनं, सोडवला. घरात गेल्या कातरणीची लोकर पोत्यात पडून होती. आक्काबाईनं मूठमूठ लोकर काढून सुईदोऱ्यानं माइकच्या मापाची टोपी शिवली, ओबडधोबड, पण जाड. "मेंढराला मेंढराचाच वास पाह्यजे," ती म्हणाली. "तुमचं ते दुकानातलं कुत्र्यावानी दिसतं, मला बी भ्याव वाटलं." बुधवारी दुपारी सुकेशनी ती टोपी चढवलेला माइक हातात घेऊन, काठीबिठी न लावता, बसल्या बसल्या मेंढरांत सरकली. मोरी नावाच्या म्हाताऱ्या मेंढीनं टोपी हुंगली, एकदा चाटली आणि तोंड फिरवून आपला रवंथ चालू केला. केरबा घोंगडीवर पडून एका डोळ्यानं बघत होता. थोड्या वेळानं घोरायला लागला.

सुकेशनीनं हेडफोन लावले आणि मोरीच्या गळ्याशी माइक धरला. लांबून कचर-कचर वाटणारा आवाज जवळून भलताच निघाला. आधी पोटातून घास वर सरकतो, त्याचा बारीक गुळगुळ आवाज. मग जबडा आडवा फिरतो, एका लयीत, चाळीस वेळा, पन्नास वेळा. मग गिळणं. आणि मग काहीच नाही. एक, दोन, तीन, चार असे अंक मोजावेत एवढा वेळ मोरी गप्प. नुसता श्वास. मग पुढचा घास वर.

सुकेशनीनं परत मोजलं. परत तेच. शेजारच्या बांडी नावाच्या मेंढीकडं माइक नेला, तिचंही तेच. प्रत्येक मेंढी दोन घासांच्या मध्ये आपणहून थांबत होती, कोणी न भेडसावता, अगदी सुखानं. फक्त सगळ्या एका वेळी थांबत नव्हत्या, म्हणून ते कोणाला ऐकू येत नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. पण ओरडून चालणार नव्हतं, म्हणून तिनं मोरीच्या पाठीत तोंड खुपसलं.

मग ती कामाला लागली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दुपारी. एकेक मेंढी, पाच-पाच मिनिटं, तोंडाशी माइक. पलीकडच्या पत्र्याच्या कंपनीतलं मशीन धाडधाड वाजायला लागलं की थांबायचं, ते थांबलं की परत सुरू. लेंड्यांत लोळून कपड्यांची दशा झाली, मानेला रग लागली, बसमध्ये शेजारी कोणी बसेना. एकतीस मेंढ्यांचा रवंथ घेऊन शनिवारी सकाळी आठला ती कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत हजर होती.

एडिटिंग सायली करत असे. भूत म्हणून हशा झाल्यापासून ती जरा जास्तच मन लावून काम करत होती. दोघींनी एकतीस आवाज एकाखाली एक रचले आणि सगळ्यांचं थांबणं एका रेषेत आणलं. मग रामहरीच्या चेहऱ्याखाली लावून ऐकलं.

"लाइट गेल्यासारखं वाटतं," सायली म्हणाली.

खरंच तसंच वाटत होतं. मग त्यांनी थांबणं मागं-पुढं केलं, एकीचं आधी, एकीचं नंतर, हाताला येईल तसं. आता पंगत उठल्यासारखं वाटायला लागलं. इंद्रजीत मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेनऊ झाले होते. पॅक त्यानं आधीच उतरवून ठेवला होता, हे सायलीनं तिला सकाळीच सांगितलं होतं.

सुकेशनीनं फोन उचलला. "आबा, मेंढरं मायपाशी ठेवा आणि या. आत्ता. काळी-पिवळी धरा, कॉलेजच्या दारात मी उभी राहते."

केरबा आला. डोक्याला फेटा, हातात काठी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. काठी खोलीबाहेर ठेवा म्हटल्यावर त्यानं ऐकलंच नाही. फिरत्या खुर्चीवर बसताना खुर्ची गर्रकन फिरली आणि तो भिंतीकडं तोंड करून बसला. हेडफोन फेट्यावर चढेना, म्हणून सायलीनं स्पीकर लावले. एक आवाज चालू केला.

केरबानं डोळे मिटले. "मोरी," तो म्हणाला.

इंद्रजीत हसला. "मामा, तुम्हाला सुकेशनीनं सांगितलं असेल." त्यानं सायलीच्या हातून माउस घेतला आणि मधलाच एक आवाज लावला.

"बांडी. डाव्या अंगाचा दात पडलाय तिचा, आईक. घसरतंय बघ." पुढचा. "ही काळी." पुढचा. "ह्या दोघी हायेत. एकीला धरली आन दुसरी मधी घुसली." सुकेशनीनं कपाळाला हात लावला, खरंच तसं झालं होतं. इंद्रजीतनं अकरा आवाज लावले आणि मग नाद सोडला. त्यानं दुसरी खुर्ची ओढली आणि केरबाच्या शेजारी बसला.

"मामा, आता हे ऐका. इथं त्या घाबरून थांबतात." त्यानं सुकेशनी-सायलीनं रचलेला तुकडा लावला.

केरबानं तुकडा शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "ह्ये खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"गिळल्याचा आवाज कामून येतो? भ्यालेली मेंढी गिळत नाय. घास तोंडातच धरती." त्यानं स्वतःचा जबडा अर्ध्यात थांबवून दाखवला, गाल फुगलेला, डोळे मोठे. सायली नकळत मागं सरकली. "आन समद्या एकदम कशाला थांबतील? ज्या कडंनं वारं, त्या कडंची आधी. काळी कडंला बसती नेहमी. तिचं थांबलं की तिच्या मागच्या दोघी. त्याह्यला काय दिसलेलं नसतं, त्या काळीचे कान बघत्यात. मंग त्याह्यच्या मागच्या. मधल्या समद्यांत शेवटी. पान्यावर वलय जातं ना, तसं."

सुकेशनी लिहून घेत होती. हाताला थांबा नव्हता. इंद्रजीत माउस हलवत होता आणि दर वेळी विचारत होता, "मामा, आता?" केरबा मान हलवायचा. "बांडीला उशीर कर. लई खादाड हाय ती." "आता?" "मोरी आधी घे. म्हातारीला लौकर कळतं." गिळण्याचे आवाज एकेक करून काढले. काळी थांबली, तिच्या मागच्या दोघी थांबल्या, पुढची ओळ, त्याच्या पुढची. साडेबाराच्या सुमाराला केरबानं पहिल्यांदा मान डोलवली. मग परत थांबला.

"कोकरू कुठंय?"

"कोणतं कोकरू?"

"बांडीचं. यंदाच रवंथ शिकलंय. समदी थांबली तरी ते चालूच ठिवतं. त्याला भ्याव अजून ठावं नाय. मंग माय अंग ताठ करती, ते त्याला लागतं, तवा थांबतं. ते नसंल त काय उपेग नाय."

सुकेशनीनं कोकराचा आवाज घेतलाच नव्हता. कोकरू म्हणून सोडून दिलं होतं. तिनं घड्याळ पाहिलं आणि काही बोलायच्या आत इंद्रजीतनं गाडीची चावी उचलली होती.

वडिलांची गाडी त्यानं जालना रोडला अशी हाणली की केरबा मागं बसून देवाचं नाव घेत राहिला. टाकीखाली मेंढरं बसलेली होती, आक्काबाई राखत होती. कोकरू बांडीच्या पोटाला टेकलेलं. सुकेशनीनं हेडफोन लावले आणि रेकॉर्डर आणि कोकरू सांभाळून माइक धरायला तिसरा हात कुठून आणावा म्हणून बघितलं, तर इंद्रजीत आपणहून लेंड्यांत पालथा पडला होता, लोकरीची टोपी चढवलेला माइक दोन्ही हातांत धरून. पांढरा शर्ट, आप्पासाहेबांचा मुलगा! आक्काबाईनं पदर तोंडाला लावला. कोकरू बारीक बारीक चघळत होतं, मोठ्यांच्या दुप्पट वेगानं, मधेच चुकत, मधेच विसरत. सुकेशनीनं चार मिनिटं घेतली. तेवढ्यात कंपनीचं मशीन सुरू झालं, पण काम झालं होतं.

संध्याकाळी साडेपाचला कोकरू आपल्या जागी बसलं. तिघांनी तुकडा शेवटपर्यंत ऐकला.

"मला आता काही कळेनासंच झालंय," इंद्रजीत म्हणाला. "पन्नास वेळा ऐकलं. लोक हसले तर?"

"हसले तर माझं नाव आहे की वर," सुकेशनी म्हणाली.

त्यानं डोकं खाजवलं. मग खरं ते सांगून टाकलं. "मी पॅक लावलेली पण एक प्रत करून ठेवली आहे. पेन ड्राइव्हवर. तुझी मला आवडली. पण मला भीती वाटते."

सोमवारी बाराला परीक्षक आले तेव्हा दोन्ही पेन ड्राइव्ह त्याच्या खिशात होते. तौर सरांनी हात पुढं केला. इंद्रजीतनं सुकेशनीकडं पाहिलं आणि दोन्ही तिच्या हातात ठेवले. तिनं एक सरांना दिला आणि दुसरा आपल्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकला.

हॉल भरलेला होता. भुताला हसलेला सगळा वर्ग, आणखी दोन वर्ग, पुढं दोन परीक्षक. मागच्या दाराला लागून शेवटच्या रांगेत केरबा आणि आक्काबाई. मेंढरं केरबाच्या भावाकडं होती. खिडक्यांना काळे पडदे, मोठा कूलर चालू. केरबानं आयुष्यात पहिल्यांदा दुपारी बाराला गार हवा अनुभवली होती. दिवे गेले, पहिल्या दृश्यात त्याचीच मेंढरं भिंतीकडेनं गेली, तो खूश होऊन आक्काबाईला म्हणाला, "मोरी बघ." मग मेंढरं भिंतीपलीकडं बसली. रवंथ सुरू झाला.

आणि केरबा झोपला.

झोपला म्हणजे घोरायलाच लागला. त्यात त्याची काही चूक नव्हती; बारा वाजलेले, सावली गार आणि भोवती रवंथ. आक्काबाईनं कोपर मारलं, मांडीला चिमटा काढला. उपयोग नाही. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. मग पुढं पसरली. सुकेशनी भिंतीला टेकून उभी होती. पाच दिवसांची मेहनत, एकतीस मेंढ्या, घेतलेली शपथ, आणि आता सगळा हॉल तिच्या बापाच्या घोरण्याला हसणार होता. पडद्यावर रामहरी खुर्चीत बसला. शेवटची तीन मिनिटं सुरू झाली. भिंतीपलीकडं एकतीस तोंडं चालू होती आणि हॉलमध्ये केरबा.

काळी थांबली.

कोणाला कळलं नाही, कळायला नकोच होतं. तिच्या मागच्या दोघी थांबल्या. मग पुढची ओळ. खुसखुसणारी पोरं का कोण जाणे गप्प झाली. आवाज कडेकडेनं विझत आत आला. मोरी थांबली. खादाड बांडी थांबली. आणि केरबाचं घोरणं थांबलं. ते काही सुकेशनीनं बसवलेलं नव्हतं.

आता अख्ख्या हॉलमध्ये एकच आवाज उरला. एक कोकरू, घाईघाईनं, मधेच चुकत चघळत होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं. रामहरी अंधाराकडं बघत होता. कोणीतरी कूलर बंद केला की काय असं वाटावं इतकं सगळं त्या कोकरावर आलं होतं. सायलीनं, जिनं ते स्वतः बसवलं होतं, तिनं सुकेशनीचं मनगट धरलं.

कोकरू थांबलं.

शेवटच्या रांगेत खुर्ची धाडकन मागं पडली. केरबा उभा होता, डोळे अजून पुरते उघडलेले नव्हते, काठी उगारलेली, तोंड मागच्या दाराकडं. "हाऽऽऽ!" तो ओरडला, माळावर ओरडतो तसा, छाती भरून. "कोनंय रं तिकडं?"

कोणी हसलं नाही. दीडशे माणसं एकदम वळली. तौर सर वळले, दोन्ही परीक्षक वळले, दुसऱ्या रांगेतून रामहरी वळला, आणि शनिवारी दिवसभर स्वतःच्या हातानं हा आवाज रचणारा इंद्रजीतही खुर्चीवरून अर्धा उठून, तोंड उघडं टाकून, त्या बंद काळ्या पडद्याच्या दाराकडं बघत होता.

पडद्यावर तेवढ्यात नावं सुरू झाली होती. आवाजाच्या पाटीवर सुकेशनीचं नाव आलं, त्याखाली तिनं शनिवारी घातलेलं केरबाचं नाव आलं, आणि दोन्ही आली तशी निघून गेली. ती वाचायला हॉलमधलं एकही तोंड पडद्याकडं नव्हतं. सुकेशनी तेवढी बघत होती, आणि तिला रडू येत होतं.

दिवे लागले. केरबानं इकडंतिकडं पाहिलं, आपण कुठं आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. "आरं, ह्ये त आपनच केलं व्हतं," तो ओशाळून म्हणाला आणि खाली बसला. काठीवरचा हात मात्र त्यानं बराच वेळ काढला नाही.